मदतीची यादी : दुष्काळाच्या मस्टरपासून मोबाइलपर्यंत



जुलै २०२१ मधली गोष्ट. महाडात सावित्रीचे आणि चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले होते. आम्ही बेलापूरच्या बायकांनी दोन दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये मदतीचा ढीग उभा केला. साड्या, चादरी, मुलांचे कपडे, बिस्किटांचे पुडे. टेम्पो भरला, नारळ फोडला आणि महाडला पाठवून दिला. टेम्पो पनवेल ओलांडून गेला तेव्हा आमच्यातल्या एकीच्या महाडच्या नणंदेचा फोन आला. ती म्हणाली, "वहिनी, साड्या आता पुरे झाल्या गं. इथे घरात गुडघाभर चिखल आहे. फावडी, बादल्या, खराटे मिळतील का? स्टोव्ह नाही, बायकांना पॅड नाहीत. आणि चादरी आल्या, त्या ठेवायच्या कुठे? कोरडी जागाच नाही."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मनापासून दिले होते, पण विचारून दिले नव्हते. आठवडाभराने कळले की आमच्या काही गाठोड्यांना शेवटपर्यंत कुणी हातही लावला नाही, ती पावसात भिजून गेली. आम्हाला वाईट वाटले आणि थोडी लाजही वाटली. मग आम्ही ठरवले, मदत पोचते कशी, याचा इतिहास एकदा नीट समजून घ्यायचा. आजच्या भाषणात तोच सांगणार आहोत.

बेलापूर स्टेशनाबाहेर पडले की थोड्या अंतरावर कोकण भवन आहे. दाखल्यांसाठी, अर्जांसाठी आपण सगळ्याच तिथे जिने चढलो आहोत. पण ते कोकण विभागाच्या आयुक्तांचेही कार्यालय आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, मुंबईचे दोन जिल्हे धरून, एकूण सात जिल्हे या इमारतीशी जोडलेले. जवळच सिडको भवन, आणि पलीकडे किल्ले गावठाणाजवळ नवी मुंबई महापालिकेचे मुख्यालय. कोकणात दरड कोसळली, पूर आला, वादळ आले की कुठे किती माणसे, कुठला रस्ता बंद, कुठे काय हवे, याचे आकडे या परिसरातल्या टेबलांवर येतात. म्हणून हा विषय आपल्या दारातला आहे.

आता मागे जाऊ. १९७२चा दुष्काळ आपल्या आया-आज्यांनी पाहिला. त्या वेळचा लाल मिलो आणि सुकडी यांची नावे काढली की अजून त्यांचा चेहरा बदलतो. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळायची. हाताला काम म्हणून खडी फोडायची, पाझर तलाव खणायचे, रस्ते बांधायचे. १९७३च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती, आणि त्यांत बायकांचे प्रमाण फार मोठे होते. एवढ्या माणसांपर्यंत धान्य आणि मजुरी पोचवायचे साधन काय होते? एक कागद. मस्टर, म्हणजे हजेरीपट. मुकादम नाव पुकारायचा, बाई 'हजर' म्हणायची, कागदावर खूण व्हायची. त्या खुणेवर मजुरी मिळायची. नाव चुकले, अंगठा राहिला, की दिवसभर फोडलेली खडी फुकट. याच अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. पण आमच्या विषयासाठी लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच : मदत चालते ती यादीवर. धान्य कोठारात असते, पैसा तिजोरीत असतो, माणूस उपाशी असतो, आणि या तिघांची गाठ घालून देते ती यादी.

पुढची आठवण ३० सप्टेंबर १९९३ची. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली झोपेतच गाडली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, तेव्हा हौशी बिनतारी रेडिओ चालवणाऱ्या, ज्यांना हॅम म्हणतात त्या मंडळींनी निरोप पोचवले. देशभरातून ट्रक धावले. आणि जे आमच्या टेम्पोचे झाले, तेच तिथे मोठ्या प्रमाणावर झाले. रस्त्याकडेच्या गावांत कपड्यांचे ढीग लागले, आडबाजूच्या वस्त्यांना वाट पाहावी लागली.

पण किल्लारीने एक नवी गोष्ट शिकवली. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवायची होती. शिवाय बाराशेहून अधिक गावांतल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती घरमालकांनी स्वतः करायची, सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे, असे ठरले. यासाठी जागतिक बँकेचे कर्ज होते. आता दोन लाख घरांचे कुठले काम कुठवर आले, कुणाला हप्ता मिळाला, कुणाचे सिमेंट अडले, हे कोण पाहणार? तलाठी आणि इंजिनिअर पुरे पडेनात. तेव्हा सरकारने प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेला सोबत घेतले आणि गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. ज्या बायका तोवर चावडीवर पाऊल टाकत नव्हत्या, त्या घरोघर फिरून भिंतीची कच्ची बाजू कुठली, पैसे कशावर खर्च झाले, याची विचारपूस करू लागल्या. सरकारी कागद आणि चुलीजवळची हकिकत यांचा मेळ त्यांनी घातला. पुढे २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या याच बायका तिकडे गेल्या आणि गुजरातच्या बायकांना म्हणाल्या, आम्ही यातून गेलो आहोत, तुम्हीही घर पुन्हा उभे कराल.

याच सुमारास जगात दुसरीकडे हीच अडचण यंत्राने सोडवायचा प्रयत्न सुरू होता. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला. जगाने इतकी औषधे पाठवली की ५००० टनांचा डोंगर झाला. त्या खोक्यांत काय आहे हे समजायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. काही औषधे मुदत संपलेली, काही थंडीने खराब झालेली, काहींवरची भाषा तिथे कुणाला वाचता येईना. जखमी माणूस दवाखान्यात आणि त्याचे औषध गोदामात! असे अनुभव ध्यानात घेऊन अमेरिका खंडातल्या आरोग्य संघटनेने १९९२ साली 'सुमा' नावाची संगणकीय पद्धत आणली. विमानतळावर, बंदरावर माल उतरला की तिथेच त्याची नोंद करायची आणि वाटणी करायची : लगेच लागणारे, नंतर लागणारे आणि इथे उपयोग नसलेले. आपण पावसाळ्याआधी घरातले डबे लावतो, तसेच. रोजचे पुढे, सणाचे मागे, खराब झालेले बाहेर. फरक इतकाच की हा डबा कुठे ठेवला, हे शंभर मैलांवरच्या माणसालाही संगणकावर दिसायचे.

मग आली २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी. श्रीलंकेत किनारेच्या किनारे वाहून गेले. शेकडो संस्था मदतीला आल्या आणि कोण कुठे काय करते आहे, याचा मेळ लागेना. तिथल्या संगणक जाणणाऱ्या तरुण मंडळींनी, पगार न घेता, काही आठवड्यांत एक व्यवस्था उभी केली. तिचे नाव 'सहना', सिंहली भाषेत या शब्दाचा अर्थ दिलासा. हरवलेल्या माणसांची नोंद, छावण्यांची नोंद, कुठल्या संस्थेकडे काय आहे, कुठल्या छावणीला काय हवे, असे सगळे एका ठिकाणी. ती त्यांनी जगाला फुकट वापरायला दिली, आणि पुढच्याच वर्षी पाकिस्तानातल्या भूकंपात ती कामी आली.

आणि २००५ साली आपल्याकडे काय झाले? २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. मुंबईचे फोन मुके झाले होते, आपली माणसे रात्रभर कुठे आहेत ते कळत नव्हते. पण त्याच पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली, हे मुंबईच्या गोंगाटात मागे पडले. ज्याचा आवाज मोठा, त्याचे नाव यादीत वर. हा जुना दोष तेव्हाही दिसला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. राज्य, जिल्हा अशी प्राधिकरणे आली, पुढे एनडीआरएफची पथके उभी राहिली. मदत ही दया न राहता जबाबदारी झाली, असे म्हणायला कायद्याचा आधार मिळाला.

तरी निरोपाचे काय? ३० जुलै २०१४ची सकाळ आठवा. आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. ही बातमी जगाला कशी कळली? त्या मार्गावरून जाणाऱ्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही. १५१ माणसे गेली, आणि त्यांची पहिली खबर दिली ती रोज तिथून जाणाऱ्या एसटीवाल्याने. त्याला गाव ओळखीचे होते, म्हणून गाव नसलेले दिसले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. तेव्हा कोरोनाची टाळेबंदी होती. वादळाची पूर्वसूचना चांगली मिळाली, माणसे वेळेत हलवली, हे आधुनिक यंत्रांचेच श्रेय. पण नंतर? विजेचे खांब आडवे, मोबाइलचे टॉवर बंद, श्रीवर्धन-मुरूडकडच्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस अंधार. नारळ-सुपारीच्या बागा झोपलेल्या. आता मदत बँकेच्या खात्यात येते, ही चांगलीच गोष्ट, मधला हात राहत नाही. पण फोन चार्ज नाही, नेट नाही, बँकेचे यंत्र बंद, तर खात्यातला पैसा चुलीपर्यंत यायचा कसा? म्हणून कुठल्याही यंत्राच्या मागे एक कागदी वही असायलाच हवी, हे कोकणाने त्या जूनमध्ये शिकवले.

२०२१च्या पुरात मोबाइल भरपूर होते. व्हॉट्सॲपने जीव वाचवले, हेही खरे. कुणाच्या गच्चीवर कोण अडकले आहे ते नकाशावरच्या खुणेसकट पोचत होते. पण "अमुक गावात अजून काहीच पोचलेले नाही" असा निरोप मदत पोचल्यावरही चार-चार दिवस फिरत राहिला. निरोपाला तारीख नव्हती, वेळ नव्हती, पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. आमचा टेम्पो असाच एका जुन्या निरोपावर निघाला होता. त्याच पावसात महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. २००५चाच तालुका, सोळा वर्षांनी पुन्हा तोच डोंगर-पावसाचा घाला.

आणि मग इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ची रात्र. आपल्या बेलापूरपासून तासाभराच्या अंतरावर, खालापूर तालुक्यात चौकजवळ, इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकर समाजाची वाडी. वर जायला रस्ता नाही. पावसामुळे हेलिकॉप्टर जाईना, यंत्रे चढेनात. जवान आणि आसपासचे तरुण पायी डोंगर चढले आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला. मागे राहिलेल्यांना खाली तात्पुरत्या कंटेनर घरांत ठेवले, आणि पक्की घरे बांधायचे काम आपल्या शेजारच्या सिडकोकडे आले.

यातली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. दरडीचा धोका असलेल्या गावांची सरकारी यादी होती. त्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. ही बाब विधानसभेतच सांगितली गेली. उपग्रह वरून पाहत होते, नकाशे तयार होते, संगणक होते. पण यादीत वाडी नव्हती. आणि दुर्घटनेनंतर पुन्हा यादीचाच प्रश्न : आत किती माणसे होती? कुणाची मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, कोण पाहुणे म्हणून आले होते, कोण मजुरीला बाहेरगावी होते? हे रेशनकार्डावर लिहिलेले नसते. ते वाडीतल्या बायकांना माहीत असते.

मैत्रिणींनो, इथे आम्हाला आमचे म्हणणे मांडायचे आहे. गेल्या पन्नास वर्षांत मदतीची साधने मस्टरवरून मोबाइलवर आली. नुकसानीचे पंचनामे आता मोबाइलवर फोटोसकट होऊ लागले आहेत. ड्रोन वरून पाहतात. रेशन दुकानात ई-पॉस यंत्र आहे. २०२३ पासून आपल्या फोनवर मोठा आवाज करत सरकारी इशाऱ्याच्या चाचण्या येऊन गेल्या, आणि दचकून कितीजणींनी हातातले लाटणे टाकले! जॉर्डनमधल्या छावणीत सीरियातून आलेल्या निर्वासित बाईने दुकानातल्या यंत्राला डोळा दाखवून किराणा घेतला आहे. हे सगळे उपयोगाचे आहे. पण यंत्र फक्त यादी पळवते. यादीत नसलेल्याला ते शोधत नाही. चुकीची यादी दिली, तर चुकीची मदत अधिक वेगाने पोचते, एवढेच.

आणि यादीतून कोण निसटते, ते पाहा. घर सासऱ्याच्या नावावर, सासरा वारला, नवरा सोडून गेला, अशी बाई. भाड्याच्या खोलीत राहणारी, जिचा भाडेकरार कधी झालाच नाही. जिच्या घरात फोन एकच, आणि तोही नवऱ्याच्या खिशात, तर इशारा आणि पैसे आल्याचा निरोप दोन्ही त्याच्याबरोबर फिरतात. भांडी घासून, शेतात राबून जिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा यंत्र ओळखत नाही. जिची कागदपत्रे घराबरोबरच चिखलात गेली, तिला कागदपत्रे मागितली जातात. महाराष्ट्रात २००३ साली 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदीत पती-पत्नी दोघांचीही नावे लावायचा निर्णय झाला. तो निर्णय पुराच्या दिवशी किती मोलाचा ठरतो, हे ज्या गावात तो अंमलात आला त्या गावच्या बायकांना विचारावे.

हे खेड्यातलेच दुखणे आहे, असेही समजू नका. २७ जुलै २०२४च्या पहाटे आपल्या बेलापुरातच, शाहबाज गावात चार मजली इमारत कोसळली आणि तीन जीव गेले. अशा वेळी ढिगाऱ्यापुढे उभ्या असलेल्या जवानाचा पहिला प्रश्न एकच असतो : आत कोण आहे? आपल्या स्वतःच्या इमारतीबद्दल आपण हे उत्तर देऊ शकू का? तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात, त्यांना चालता येत नाही, हे कुठल्या यादीत आहे?

म्हणून आमच्या गटाने २०२१ नंतर चार नियम केले. पहिला, तिथल्या माणसाशी बोलल्याशिवाय वस्तू गोळा करायची नाही, आणि शक्यतो तिथल्या बाईशी बोलायचे. दुसरा, प्रत्येक खोक्यावर बाहेरून मोठ्या अक्षरात लिहायचे : आत काय, किती, कोणासाठी. एका खोक्यात एकाच प्रकारची वस्तू. तिसरा, आलेले-गेलेले सगळे फोनवरच्या तक्त्यात भरायचे आणि तेच दोनशे पानी वहीतही उतरवायचे, कारण वहीला चार्जिंग लागत नाही. निरोपावर तारीख आणि वेळ घालायची, आणि गरज संपली की "संपली" असाही निरोप पाठवायचा. चौथा नियम आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मदत घेणाऱ्या बाईचा फोटो, तिचा आधार क्रमांक, तिचा फोन नंबर गटावर टाकायचा नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी कुणाची अडचण चव्हाट्यावर मांडू नये, हे आपल्याला आपल्या आईने शिकवले आहेच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या इमारतीची यादी केली. कोण एकटे, कोण आजारी, कुणाला इन्सुलिन लागते, कुणाचे बाळ लहान, कुणाकडे भाडेकरू. दोन दुपारी लागल्या. चहा झाला, थोडी गावगप्पाही झाली. आणि एक गोष्ट उघडी पडली. वॉचमनच्या खोलीत त्याची बायको आणि दोन मुली वर्षभरापासून राहत होत्या, आणि आमच्यातल्या एकीलाही ते माहीत नव्हते. त्यांची नावे आता वहीत आहेत, सर्वांत वर.

तुमच्या इमारतीतली, चाळीतली, गल्लीतली वही कोणाकडे आहे, ते आम्हाला जरूर कळवा. नसेल, तर या रविवारी सुरू करा.